उणे एकशे शहाण्णव

मी फ्रीजवाला. भांडुपला उतारावर
आठ बाय दहाचा गाळा.
सव्वीस वर्षं लोकांची थंडी दुरुस्त करतोय:
कुल्फीवाल्यांची, रक्तपेढ्यांची,
ससून डॉकच्या कोळंबीची.
उणे अठराला मासळी टिकते, उणे चाळीसला प्लाझ्मा.
त्याच्या खालची थंडी माझ्या हातातली नाही.

तिथे माझा मुलगा होता. अकरा महिने.

माटुंग्याच्या दवाखान्यात टाकी दाखवलेली,
दुधाच्या कॅनएवढी, झाकण उचललं की पांढरी वाफ.
मी विचारलं, कॉम्प्रेसर कुठाय?
बाई हसली. म्हणाली, यात काही चालत नाही,
सगळं नुसतं थांबतं.
त्या अकरा महिन्यांत पहाटे जाग यायची:
नायट्रोजन भरला असेल ना कोणी?
हर्षलाची इंजेक्शनं आमच्याच फ्रीजमध्ये,
ताकाच्या तांब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळून,
म्हणजे सासूबाईंना दिसू नयेत.

नाव मी ठेवलं, हिमांशू.
सगळ्यांना वाटलं, पत्रिकेत ह आला.

आता परळहून फोन.
अशी मुलं मोठी झाली, त्यांची हृदयं कशी चालतात
ते बघायचंय, दर दोन वर्षांनी. बारा तास उपाशी आणा.

पोरगा सतरा वर्षं दोन महिन्यांचा.
रांगेत बसल्यावर म्हणाला, मला झालंय काय?
काही नाही, म्हटलं. आणि मग
जे घरात सतरा वर्षं बोललो नव्हतो
ते रक्त काढायच्या खिडकीसमोर बोललो,
टोकन नंबर त्रेचाळीस पुकारला जात असताना.
हर्षला पर्सची चेन उघडत होती, लावत होती.
तो गप्प. मग बोटांवर मोजलं त्याने.
'म्हणजे मी खरा अठराचा झालोय.
बाबा, लायसन्स.'

काळोख्या खोलीत त्याच्या छातीवर जेल.
पडद्यावर झडपा: उघड, मीट, उघड, मीट.
झडपा मला कळतात. एक ओढते, एक ढकलते,
मध्ये जे गळतं ते बिलावर येतं.
मी एवढा वाकलो की
त्या मुलीने मला खुर्ची दिली.

खंबाटा डॉक्टर कागद वाचत म्हणाल्या,
प्रेशर वरचं एकशे चोवीस. किंचित.
धमनीची भिंत बरी आहे. साखर काठावर नाही,
पण काठ दिसतोय.
हर्षलाने विचारलं, त्या थंडीमुळे? इंजेक्शनांमुळे?
मी घाई केली का?

डॉक्टरांनी चष्मा काढला. 'तुमची किती?'
त्या माझ्याकडे बघत होत्या.
जेवणानंतर दोनशे दहा.
'तुमच्या वडिलांचं?'
ते एक्कावन्नला गेले. हातात भाजीची पिशवी होती.
'मग साध्या वाटेनेही बरंच काही येतं.
कशातून काय आलं, मला वेगळं करून दाखवता येत नाही.
या वाटेने आलेले सगळ्यांत थोरले
अजून पन्नाशीच्या आत आहेत. त्यांचं म्हातारपण
आम्ही कुणी पाहिलेलं नाही.
बहुतेक मुलं ठणठणीत असतात. मीठ कमी. धावू द्या.
आणि परत या.'

माझ्या धंद्यात असं बोललो
तर गिऱ्हाईक उठून जातं.
मी नाही उठलो.

पुढच्या खेपेच्या कागदावर पालकाची सही मी केली.
तिच्याखाली, जिथे रेघ नव्हती,
त्याने आपली केली, लांबलचक, बहुधा वहीत घोटलेली.

कॅन्टीनमध्ये चार इडल्या एका दमात.
माझ्या चहाजवळची साखर उचलून
शेजारच्या टेबलावर ठेवली. बोलला काही नाही.

रात्री तो झोपल्यावर त्याच्या पाठीला कान लावला.
मशीन उघडायच्या आधी आम्ही असंच करतो,
आवाज सांगतो निम्मं.
बराच वेळ ऐकत राहिलो.
तो जागा होता.
'किती गॅस उरलाय?' म्हणाला.