साडेअकराचं ऊन

ऋता, शनिवारी घर बघायला येताय, तर आधी एवढं ऐक.
मी एजंट. माझं पोट विकणाऱ्याच्या पैशावर चालतं,
तेव्हा माझ्या मराठी बोलण्याला भुलू नकोस.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात.
शिपलीत कुणी बांधत नाही.
गिरणीच्या काळात दगडात बांधून ठेवलेलंच
आहेरातल्या साडीसारखं या हातातून त्या हातात जातं,
फक्त घडी मोडलेली असते.

एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिला हात लाव.
तळवा गार पडला तर भिंत पाणी पितेय.
ओव्हनमधून केकचा वास आला तर नाकावर जाऊ नकोस,
तो मीच ठेवायला सांगितलेला असतो.
नळ सोडून बघ. फ्लश दाबून बघ. लाजतेस काय,
पावणेदोन लाख पौंडांना गळा बांधणाऱ्यानं
फ्लश दाबायला लाजू नये.
एकदा रात्री दहाला गल्लीतून चक्कर मार,
एकदा कचऱ्याचे डबे बाहेर असतील त्या सकाळी.
शेजार कसा आहे ते डबे सांगतात.

आणि साखळी विचार. ते कुणाचं घर घेताहेत,
तो पुढचा कुणाचं.
तिकडे डॉनकास्टरमध्ये कुणा अनोळखी माणसाचं कर्ज अडलं
की इकडे तुझी कढई खोक्यात
तीन आठवडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

पुढचं सांगायचं माझ्या धंद्यात बसत नाही.

विल्फ सगडन यांचं घर होतं माझ्याकडे, नोव्हेंबरात.
लोक बघायला येतील तेव्हा तुम्ही फिरायला जा,
असं बजावलं होतं. गेले नाहीत.
नावीद, बस चालवतो, आणि त्याची बायको सादिया,
दिवस भरत आलेले तिचे.
सगडन दारातच म्हणाले,
या स्वयंपाकघरात फेब्रुवारीपर्यंत ऊन येत नाही. मुळीच.
मी डोळे वटारले.
ते जिन्याकडे निघाले, कठडा धरत.
सातवी पायरी, म्हणाले. साडेअकराला. वीस मिनिटं.
आयरीन इथे बसायची, मांडीवर पातेलं घेऊन, बटाटे सोलत.

गालिचा तेवढ्याच जागी विटलेला,
एका बाईच्या रुंदीइतका.

माझ्या पत्रकात सगळ्या खोल्यांची मापं होती,
फुटांत, मीटरांत. जिना फक्त "जिना" होता.

सादिया बसली त्या पायरीवर.
आभाळ भरलेलं, ऊन काही आलं नाही,
तरी बसून राहिली वीस मिनिटं.
नावीद मला बॉयलरचं वय विचारत होता.
मी दोन वर्षं कमी सांगितली,
आणि सगडननी वरून ओरडून दुरुस्त केली.

घेतलं त्यांनी. ओलीपायी दोन हजार कमी करून घेतले,
बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं.
कागद व्हायला फेब्रुवारी उजाडला.
सगडन मुलीकडे स्किप्टनला गेले,
जाताना किल्ल्यांच्या जुडग्याला चिठ्ठी बांधून गेले,
मागचं दार ढकलताना जरा वर उचला.

पाटी काढायला गेले त्या दिवशी
दाराच्या काचेतून जिना दिसला.
सातव्या पायरीवर ओळीनं मोजे वाळत घातलेले,
माझ्या अंगठ्यात बसतील एवढे.
बेल वाजवली नाही. पाटी जड होती,
आणि गाडी पिवळ्या रेघेवर उभी.

तर असं. सर्व्हे करून घे, वकील स्वस्तातला बघू नकोस,
आणि मी पार्किंगचं कौतुक सांगत असेन तेव्हा
मला बोलू दे, तू घरात फिरत राहा.
कागदावर मी साडेदहाची वेळ लिहिली आहे.
तासभर उशिरा या.