एक नसलेलं वलय

वीलांडचा खण उघडला तेव्हा मार्च अर्धा सरला होता,
हेर्म्सडॉर्फच्या पाइनच्या रानात अजून बर्फ, तोही मळका.
खणात चॉकलेटी चकत्या, शर्टाच्या गुंड्यांएवढ्या,
प्रत्येकीला दोन तारांचे पाय,
आणि वहीत त्याचं तिरकं, कंजूष अक्षर :
बॅच ४१. भट्टीतून काढल्यावर एक तास.
एक हजार बारा पिकोफॅरड.
साल चौऱ्याहत्तर.

मी बीजगणितातली बाई.
येनाला तेहेतीस वर्षं वलयं शिकवली,
ज्यांना ना परीघ असतो ना मध्य.
लग्नात नातलग हसले : वलयांची बाई, आणि बोटात अंगठी नाही!
मग त्यानं कारखान्यातून एक मणी आणला,
उच्च दाबाच्या तारेवरचा, काचेची झिलई चढलेला.
माझ्या बोटात तो मधल्या पेरापर्यंतच गेला.
सुईदोऱ्याच्या डब्यात आहे अजून.

रात्री जेवताना आपापलं काम समजावायचो,
म्हणजे तो समजावायचा, मी बटाट्याचे गोळे वाढायचे.
"ह्यातून वीज जात नाही, इर्मट्राउट,
म्हणून आत काही होत नाही असं समजू नकोस.
एकेक कण जागच्या जागी केसभर सरकतो,
तेवढ्यावर सगळा भार धरून ठेवतो."
माझ्या वडिलांसारखं, मी म्हटलं.
त्यानं काटा खाली ठेवला.
वडिलांचं नाव मी त्या घरात पहिल्यांदाच काढलं होतं.

एकदा मी सांगितलं, अशी दोन माणसं असतात,
चुकले, असे दोन घटक,
की दोघांतला एकही शून्य नाही
आणि गुणाकार मात्र शून्य.
तो बराच वेळ मीठ शोधत राहिला.
"ह्याला तुमच्यात नाव आहे?"
"शून्यभाजक."
"वरच्या क्रेचमरांना सांगू नकोस."

चकत्यांना वय असतं, हे त्याच्याकडूनच कळलं.
पहिल्या तासापासून दहाव्यापर्यंत धारकता जेवढी घटते
तेवढीच मग शंभराव्यापर्यंत, तेवढीच हजाराव्यापर्यंत.
घट तीच, वाट दहापट.
ऑक्टोबरपासून हा तक्ता मी मनात धरून आहे.
पहिल्या रात्रीत मी जेवढी गेले
तेवढीच जायला पुढे अख्खा हिवाळा लागला.

तळघरातून त्याचा मोजणीचा पेटारा वर आणला.
काटा थरथरून थांबला : सातशे नव्वद.
मग केकच्या ट्रेमध्ये चकत्या मांडल्या,
ओव्हन दीडशेवर, एक तास.
घरभर तापल्या धुळीचा वास.
बाहेर काढून तासभर निवू दिल्या, पुन्हा मोजल्या.
एक हजार नऊ.

पन्नास वर्षं पुसायला एक मंगळवार पुरला.
आधी हेवा वाटला. मग इतका राग आला
की ट्रे तसाच टेबलावर ठेवून मी कोट चढवला,
कोपऱ्यापर्यंत गेले, आणि पाव न घेता परत आले.

ज्या वलयात 'एक' नाही
त्याला बाहेरून आणून 'एक' जोडता येतो.
सिद्धता अर्ध्या पानाची, दरवर्षी शिकवायची मी.
जुने सगळे घटक आत राहतात, जसेच्या तसे,
फक्त तो नवा 'एक' त्यांच्यातला नसतो.
एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं,
"मग जुन्यांना तो आपला वाटतो का?"
वर्ग हसला.
हा प्रश्न गणिताचा नाही, असं म्हणून मी फळा पुसला.
त्या पोराचं नाव आठवत नाही. आठवायला हवं होतं.

रात्री एकला उठून मोजलं.
वहीत त्याच्या ओळीखाली, माझ्या गोल अक्षरात :
बॅच ४१. दहा तास. नऊशे साठ.
पुढची नोंद शंभराव्या तासाला,
म्हणजे शनिवारी संध्याकाळी सात.
क्रेचमरबाईंनी जेवायला बोलावलंय त्या दिवशी.
आठनंतर येते, असं कळवायला हवं.