विवो

साल्तोच्या धक्क्यावर माझ्या भावाला
सगळे म्हणत : एस विवो.
म्हणजे हुशार, पण शाळेतला नव्हे.
पिसतापिसता तलवारीचा एक्का बाहीत सारणारा,
रात्री नदीपलीकडून सिगारेटी, पीठ, टायर
कस्टमवाल्याच्या नाकासमोरून आणणारा.
आई टायरांना शिव्या घालायची,
पीठ मात्र चाळून घ्यायची.

जूनमध्ये नदी फुगली.
होडी सापडली, पालथी.
फेलिसियानो नाही.

नाविक चौकीतला पोरसवदा शिपाई
उगाच कागद चाचपत राहिला.
आईने त्याची बाही धरली :
एस्ता विवो?

शब्द तोच. क्रियापद तेवढं बदललं.
‘असतो’च्या जागी ‘आहे’.
जन्माचा स्वभाव गेला चुलीत,
या घटकेला श्वास आहे का, एवढंच सांग.

मी वीस वर्षं हेच शिकवते.
मुलं विचारतात, बाई,
मेलेल्यालाही एस्ताच कसं?
तो तर कायमचाच मेलेला ना?
मी म्हणते, पाठ करा.

चौथ्या दिवशी तो आला,
चिखलातून, पायी,
गळ्यात ट्रॅक्टरची ट्यूब.
गुडघ्याचं कातडं सोलून आतलं लाल उघडं.
त्यालाही आम्ही तोच शब्द लावतो :
कार्ने विवा, जितं मांस.

आईने आधी कानाखाली वाजवली.
मग मीठपाणी ओतलं गुडघ्यावर.
तो बोंबलला, शेजारची कुत्री उठली.

ओरड, ती म्हणाली.
अजून ओरड.