तिसऱ्या खांबापाशी

उपासना सुटली की चहा माझ्याकडे.
बावीस वर्षं. पातेलं मंडळीचं,
गाळणं मात्र मी घरून आणते,
मंडळीच्या गाळण्यातून चोथा निसटतो.

इंग्रजी उपासना आठला, आमची मराठी साडेदहाला.
कुणीतरी तिला वेळ चुकीची सांगितली.
आली, सगळ्यांना बघून थबकली,
आणि बसली तिसऱ्या खांबापाशी,
जिथं हे बसायचे.
जागा रिकामी होती.
म्हणजे तशी नव्हती, मी तिथं पर्स ठेवते.

पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळीत नवीन कोणी?
माना वळल्या. ती उभी राहिली.
नाव तियामिके, देश मलावी, गाव झोंबा.
गावाच्या नावाला पोरं खुसखुसली,
एकानं मिरची लागल्यागत सी-सी केलं.
तीही हसली, कशाला ते न कळता.
त्या कार्ट्याच्या कानाखाली एक
द्यायची होती, पण देवळात होते.

गीताला सगळे उठले.
शब्द तिला कुठले यायला,
पण चाल ओळखीची निघाली.
तिनं तिच्या भाषेत असा सूर धरला
की ऑर्गनवरचे तितस भालेराव पान उलटायचं विसरले
आणि आम्ही तेच कडवं दोनदा म्हटलं.

चहा देताना माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं,
राहतेस कुठं?
कोंढव्यात. तिघींच्या खोलीत चौथी.
घरमालक फोनवर हो म्हणायचे,
ती जिना चढून गेली की
खोली कालच गेलेली असायची.

तितसनी कप खाली ठेवला.
पी.एम.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर,
कुठल्या गल्लीत कोण राहतं, त्यांना विचारावं.
वानवडीत साडूची खोली बंद पडून होती.
साडूही आधी कुरकुरला, खोटं कशाला सांगू.
शेजारी काय म्हणतील, म्हणाला.
तितस म्हणाले, शेजारी कोण, हा प्रश्न फार जुना आहे,
आणि किल्ली घेऊन आले.

फेब्रुवारीत तिचे वडील गेले.
विमानाचं तिकीट म्हणजे वर्षाची फी.
वेस्ट्रीत रजिस्टरं सारून फोन टेकवला,
आम्ही नऊजणी मागं उभ्या.
पेटी दिसली, माणसं दिसली,
लाल माती, फावडी,
खड्ड्यापाशी आले आणि चित्र थांबलं.
करुणानं फोन हलवला, उंच धरला, खिडकीत नेला.
गोल फिरत राहिला नुसता.
तोवर तिकडं लोटून झाली असणार.

माती सगळीकडची एकच, असं कुणीतरी म्हणालं.
नसते.
ज्यानं पुरलंय त्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी मी तिला दफनभूमीत नेलं,
सोलापूर रस्त्याला, बसनं.
ह्यांचा दगड दाखवला. म्हटलं, इथं रड.
हे बोलायचे कमी, ऐकून घ्यायचे पुष्कळ.
नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं.
ती तिच्या भाषेत खूप वेळ बोलली.
मधे एकदा हसलीसुद्धा.
मी गवत उपटत बसले.

आता रविवारी कप ती भरते.
आलं घालत नाही, साखर बेताल.
सुदानची दोन पोरं मागच्या बाकावर असतात,
त्यांना ‘सलाम’ म्हणते, अगदी आमच्यासारखा, मान हलवून.
मी चहाबद्दल काही बोलत नाही.
पर्स मांडीवर घेऊन बसते.

परवा एकटीच गेले,
तर ह्यांच्या दगडावर शेवंतीची फुलं.
माझी नव्हेत.
माळी सुकलेली म्हणून उचलायला लागला.
म्हटलं, राहू दे रे.
ती झोंब्याला चाललीत.