अनुभव थोडक्यात लिहा

फॉर्मच्या शेवटी एक रकाना आहे,
‘अनुभव थोडक्यात लिहा’,
आणि खाली साडेतीन ओळी.
चौथी बहुतेक झेरॉक्सच्या काचेवरच अर्धी निसटली.

वरचं सगळं भरून झालं आहे.
हनुमाननगर, मनपाची शाळा, वर्ग पाचवी-ब.
पंचेचाळीस तास, तीन-तीनचे.
खेडीकर मॅडमची सही, आणि सहीच्या शेपटावर
पोस्टर रंगातला हिरवा अंगठा.
तो कुणाचा हे मला ठाऊक आहे, सांगणार नाही.

सकाळी सातला पोरं यायची,
दहाला परत धाडायची, कारण त्यानंतर
डांबर चप्पल सोडत नाही.
टोप्या, दुपट्टे, खिशात कांदा.
पियूष बावणकरचा कांदा एकदा आम्ही अर्धा चिरला,
निळ्यात बुडवला, कागदावर दाबला:
वर्तुळात वर्तुळ, त्यात वर्तुळ,
आणि अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांत पाणी.

झोया भर मे महिन्यात मारबत करून बसली.
कागदाच्या लगद्याची, पिवळी, एकाच कानाची.
अगं, पोळ्याला किती वेळ आहे अजून, मी म्हटलं.
“तवरक वाळून जाईन न, ताई.”
मग जो तो त्या एका कानात सांगू लागला
तिनं जाताना काय काय घेऊन जायचं ते:
गणित, लाईट जाणं, वरच्या मजल्यावरचं कुत्रं,
बाबाचा पट्टा.
हे शेवटचं कोण बोललं ते मला दिसलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे दंड बघत राहिले.

सम्यक मेश्रामनं एकही चित्र काढलं नाही.
“मले नाही काढाचं. ब्रश धुतो मी.”
तीन दिवस मी समजावलं,
कॉलेजात शिकवलेलं सगळं वापरून.
चौथ्या दिवशी त्याच्या हातात मग्गा दिला.
धुवायचा तो, पण पाणी फेकायचा नाही.
खिडकीशी धरून
रंग खाली उतरताना बघायचा,
आणि मारलेली हाक
त्याला बऱ्याच वेळानं पोचायची.

काल प्रदर्शन झालं.
दोरीला चिमट्यांनी चित्रं, खाली पालक, मोबाइल, मठ्ठा.
त्यानं बाकावर मांडल्या
खोकल्याच्या औषधाच्या बारा बाटल्या.
आई मेडिकलला वॉर्डात कामाला, तिनं उकळून दिलेल्या.
प्रत्येकीत एका दिवसाचं पाणी,
चिकटपट्टीवर तारीख.
चौदाचं चहासारखं.
कांद्याच्या दिवसाचं निळं. मारबतीचं पिवळं.
आणि ज्या दिवशी सगळ्यांनी सगळं वापरलं
त्या दिवसाचं, गाळ ढवळलेल्या फुटाळ्यासारखं.
एका काकांनी बाटली उचलली, यात चित्र कुठाय म्हणाले.
“हालवू नका,” सम्यक म्हणाला, “बसू द्या त्याले.”

निघताना त्यानं मला सतरा तारखेची दिली.
जांभळी.
सतराला मला ऊन लागलं होतं, मी घरी होते.
“म्हणूनच,” तो म्हणाला. “तुम्ही पाह्यलं नाही न.”

बसमध्ये मी ती मांडीवर उभी धरली,
खड्डा आला की श्वास धरून.

घरी नळ एक वेळचा.
थेंब वाया जाऊ द्यायचा नाही हा आईचा कायदा.
ओट्यावर बाटली दिसली, गढूळ पाणी,
तिनं ती कूलरच्या टाकीत ओतली
आणि बाटली घासून पालथी घातली.
मी ओरडले. ती म्हणाली, काय होतं त्यात?
मला सांगता आलं नाही.

रात्रभर कूलर खडखडत होता.
नवतपाची झोप, तुटक.
वाळ्याचा वास, आणि त्याखाली कुठंतरी
पाचवी-बचा.
सकाळी पाहिलं, डावीकडची ताटी
एका कोपऱ्यात किंचित जांभळी झाली होती.
किंवा मला तसं पाहिजे होतं.

मग फॉर्म घेऊन बसले.
लिहिलं: सतरा मे, जांभळं.
आणि खोडलं, कारण त्या दिवशी
मी तिथं नव्हतेच.

आता तीनच ओळी उरल्या.