उलटी अक्षरं

शनिवारी रात्री मी चर्चसाठी कणीक मळते.
पीठ, पाणी, मीठ, आंबवण.
मळताना बोलायचं नाही, फक्त प्रार्थना म्हणायची,
असं आई सांगायची;
स्वतः मात्र मधूनच मांजरीला शिव्या घालायची.

भाकरीवर उठवायचा शिक्का आईचाच हवा होता,
ऑलिव्हच्या लाकडाचा, एका कडेला जळालेला.
त्यावर प्रभूचं नाव उलटं कोरलंय.
कणकेवर टेकलं, की सुलटं होतं.
तो पोलिक्सेनीनं नेला.
आईच्या चाळिसाव्या दिवशी
मी अंगणात उकडलेले गहू वाटत होते
आणि हिनं तो पर्समध्ये टाकला, कुणाला न विचारता.

मी मिरिनाच्या बाजारातून प्लॅस्टिकचा आणला.
त्याला पीठ चिकटतं. अकरा वर्षं, दर वेळी चिकटतं,
आणि दर वेळी मी तिला क्षमा करते.

क्षमेवर माझा हात चांगला बसलाय.
तिनं दार वाजवलं की द्यायची म्हणून
घडी घालून ठेवलीय.
तिचं घर चार दारं सोडून आहे.
दार काही वाजत नाही.

आज टोपलीत पाच भाकरी, वर फडकं,
लिम्नोसचा वारा फडक्याला झोंबतोय,
आणि चर्चच्या फाटकाशी मला
फादर आनेस्तिसनी बुधवारी वाचलेलं आठवलं:
अर्पण घेऊन वेदीपाशी आलीस, आणि आठवलं,
की बहिणीच्या मनात तुझ्याविषयी काही आहे...

तिच्या मनात. माझ्याविषयी.
साठ वर्षं मी हे वाक्य
उलट्या बाजूनं ऐकत आले होते.

तर ती रात्र.
वाऱ्यानं बोट काव्हालाच्या धक्क्यावर अडकलेली,
पोलिक्सेनी तिथं बाकावर.
इथं आई विचारतेय, क्सेनी आली का?
मी म्हणते, येईल.
पुन्हा, क्सेनी आली का?
मग पहाटे, अगदी स्वच्छ:
तिला सांग, मी वाट बघितली.

कबरीपाशी पोलिक्सेनीनं विचारलं, काही म्हणाली का?
मी म्हटलं, नाही. शुद्धच नव्हती.

चार वर्षं मी तिला आंघोळ घातली होती.
माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.
हे कारण आहे. माफी नाही.

टोपली भिंतीवर ठेवली.
घंटा वाजवणाऱ्या पोराला म्हटलं, कुत्र्यांकडे लक्ष दे.
आणि उतार उतरले.

तिनं दार उघडलं ते डोक्याला कलप लावलेल्या अवस्थेत,
खांद्यावर जुना टॉवेल.
मी घडी घातलेली क्षमा घरीच विसरले होते.
उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगितलं सगळं,
पायांकडे बघत. तिच्या. निळ्या सपाता.

ती रडली नाही. म्हणाली,
कशी म्हणाली? आवाज कसा होता?
मी आईच्या आवाजात म्हणून दाखवलं.
पुन्हा म्हण.
म्हटलं.
पुन्हा.
कलपाचा काळा ओघळ तिच्या मानेवरून
कॉलरमध्ये गेला, तिनं पुसला नाही.

मग दार लागलं.
घंटा झाली. मी तिथंच उभी.
दार उघडलं तेव्हा ओल्या केसांवर रुमाल बांधून ती बाहेर,
काखेत पर्स.
चर्चपर्यंत गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालली,
एक शब्द नाही.
भाकरी गार झाल्या होत्या. एकीचा कोपरा
पोरानं खाल्ला होता; त्या पोराला मी
काही बोलले नाही.

पुढच्या शनिवारी पायरीवर एक चिंधीचं गाठोडं.
आत शिक्का.
मला वाटलं होतं तो कपाटात कोरडा पडला असेल.
पण खोबणींत पीठ होतं, पांढरं, याच आठवड्यातलं.
म्हणजे तीही भाजत होती.
कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.
ती अजून बोलत नाही.

दिवा जवळ ओढला, सुई घेतली
आणि एकेक अक्षर मोकळं करत बसले.