पाणी-सिमेंट गुणोत्तर

नजमातला चौथा मजला, रात्रीचा दीड.
ओट्यावरचा पोळ्यांचा डबा सरकवून
पुस्तकापुरती जागा केली आहे.
पान दोनशे बारा: दोन्ही टोकांना नुसती टेकलेली तुळई,
डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ.
हे मला येत होतं. कराडला, तिसऱ्या वर्षी,
धोंडगे सुलक्षणा, रोल नंबर एकोणीस,
फळ्यापाशी जाऊन सोडवून दाखवलं होतं
खडूच्या एका तुकड्यात.

आता ही धोंडगे म्हणजे मीच, हे पटवायला
पाच शिक्के लागले, एक प्रतिज्ञापत्र,
आणि कुरिअरला इतके रियाल, की शैलेंद्र म्हणाला
एवढ्यात पुन्हा लग्न झालं असतं.
हसलो दोघंही.
तो आधी थांबला.

ओळखपत्रावर अकरा वर्षं, व्यवसाय: गृहिणी.
अरबीत तो शब्द देखणा दिसतो,
उजवीकडून झुळझुळत येतो.
वाचता येत नाही, म्हणून असेल.

शेजारची लिसम्मा नर्सिंगच्या परवान्याला तीनदा बसली.
ती म्हणते, तुला माहीत आहे ते लिहू नको,
त्यांना माहीत आहे ते लिही.
आणि वाटीभर सुक्या कोळंबीची चटणी ठेवून गेली,
जागायला.

प्रश्न त्रेचाळीस.
उष्ण हवामानात ओतताना काँक्रीटचे कमाल तापमान.
अ, ब, क, ड.

समोरच्या प्लॉटवर हॅलोजन पेटलेत.
दिवसा सत्तेचाळीस होतं, म्हणून स्लॅब रात्रीच.
या गल्लीतला हा सहावा सांगाडा.
आधीच्या पाचांच्या सळया मी मोजल्यात
भेंडी परतता परतता.
तिसऱ्या इमारतीच्या एका खांबात
रिंगा विरळ होत्या. कोणाला सांगणार?
आज तिथं दाढीचं सलून आहे,
खांबाला आरसा लावलाय.

मिक्सर येतो. प्लँटवरच पोटात बर्फ घातलेला,
ड्रमला बाहेरून घाम.
पण गाडी उशिरा आली, माल आवळला,
पन्हाळीतून उतरेना.
आणि तो पोरगा, कमरेला ओढणीसारखं फडकं बांधलेला,
पाइप उचलतो,
सरळ ड्रमच्या तोंडात धरतो.

मी खिडकी उघडली. ऑगस्टची हवा
ओल्या घोंगडीसारखी अंगावर आली, चष्मा पांढरा झाला.
पाणी नको! ए! पाणी घालू नकोस रे!
मराठीत. कतारमध्ये. रात्री दीड वाजता.
अकरा वर्षांत एवढ्या मोठ्यानं
मी फक्त मुलाला जेवायला बोलावलंय.

चष्मा पुसेपर्यंत पोरगा वर बघत होता.
त्यानं हात हलवला, ओळखीचा असल्यासारखा.
मग पाइप खाली टाकला.
टाकीतलं पाणीच संपलं असेल बहुतेक.

खिडकी लावली. बत्तीस अंश, पर्याय क,
पेन्सिलीनं गोल केला, दोनदा.
आतून नीरज, झोपेतच:
आई, किती वाजले?
शून्य पूर्णांक पंचेचाळीस, मी म्हणाले,
त्याहून जास्त नाही.
बरं, म्हणाला, आणि कूस बदलली.